हळदू

हॉलचं भाडं चार तासांना अठराशे,
अनामत वेगळी,
भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत.
दिवसातून पाचदा मी हे फोनवर सांगते
आणि बोलताबोलता समोर बघते:
खिळे कसले,
मनगटाएवढ्या सळया आहेत अजून भिंतीत,
पट्टे फिरायचे ज्यांच्या आधारानं
सकाळी सातपासून.

घोडपदेवच्या या शेडमध्ये
गिरण्यांसाठी बॉबिनी कातायचे.
सूत गिरणीचं, नाव गिरणीचं,
आठवणीसुद्धा गिरणीच्याच झाल्या.
सूत ज्यावर गुंडाळायचे ते लाकूड कुठून यायचं
हे कुणी विचारलं नाही.
यायचं डांगच्या बाजूनं. हळदू.
पिवळंधमक, बिनगाठीचं.
रे रोडला उतरायचं, तिथून बैलगाडीनं इथवर,
आणि आत सतरा लेथ, सतरा कातारी.

अकरा नंबरला माझा बाप.
बाराला इब्राहिम परकार, बाणकोटचा,
डाव्या हाताची दोन बोटं कमी,
तरी पाळीत सगळ्यांपेक्षा
चाळीस नग जास्त काढणारा.
विचारलं तर म्हणायचा,
दोन बोटं जामीन ठेवलीत शेठकडे,
काम टाकून जातो कुठे?

बाप घरी यायचा तो पिवळा होऊन.
भुवया, कानाच्या पाळ्या, बंडी, डब्याचं झाकण.
आई म्हणायची, आला नवरदेव.
खोकायचा तेही पिवळं.
ते मात्र कुणी चेष्टेवारी नेलं नाही.

मग प्लास्टिकच्या बॉबिनी आल्या.
मग गिरण्याच गेल्या.
लोक संप, संप म्हणतात;
आमच्याकडे संप झालाच नाही.
एका शनिवारी ऑर्डरचं पुस्तक कोरं राहिलं,
सोमवारीही कोरं,
आणि भरुचाशेठनं स्वतः खाली येऊन
पट्ट्याचा खटका पाडला.
त्या शांततेत, परकार सांगतो,
पहिल्यांदाच एकमेकांचे आवाज कळले.
माझ्या बापाचा इतका बारीक असेल
असं त्याला वाटलंच नव्हतं.

लेथ भंगारात गेले.
शेडमध्ये कांदे, मतपेट्या,
मग एक खटला, मग नुसती कबुतरं.
मागे बत्तीस मजले उठले तेव्हा
बिल्डरनं शेड महापालिकेला दिली,
सुटे परत करावेत तशी.
पंखे लागले. उद्घाटनाची पाटी दारापेक्षा मोठी.
फरशी अर्ध्यातच थांबली, निधी संपला म्हणे;
मागची बाजू अजून जुन्या फळ्यांचीच आहे,
तिथे पोरं कराटे करतात,
गुरुवारी बायका बीपी मोजून घेतात
आणि आकडा एकमेकींपासून लपवतात.

गेल्या मे महिन्यात परकारच्या नातीची हळद होती.
म्हाताऱ्याला दोघांनी धरून आणलं.
त्यानं त्यांचे हात सोडवले,
दारापासून पावलं मोजत गेला,
फळ्यांवर एका जागी थांबला.
पायाशी बोल्टांची चार भोकं.
मग माझ्याकडे बघून म्हणाला,
ये की. अकरा मोकळाच आहे.
मी रजिस्टर हातात घेऊन
उगाचच उभी राहिले जरा वेळ
बापाच्या जागी.

रात्री पोरी नाचल्या.
फळ्या हादरल्या, फटी बोलल्या,
आतून काहीतरी वर आलं, बारीक, पिवळं,
परकऱ्यांच्या काठांवर बसलं.
कुणाच्या लक्षात आलं नाही;
त्या रात्री सगळंच पिवळं होतं.

सकाळी मी झाडलं.
सुपलीत दोन्ही एकत्र.
नाकाशी नेलं, तर खोकला आला.

नियम असा,
की डाग राहिला तर अनामतीतून दोनशे कापायचे.
डाग होता.
कुणाचा, ते ठरेना.
मी पूर्ण रक्कम परत केली.